डावीकडची काच

१

खारूचे बाबा लोकांच्या गाड्यांचे एसी दुरुस्त करायचे आणि स्वतःच्या गाडीची काच मात्र फडक्याने पुसायचे.

रोज सकाळी हाच प्रकार. खारू दप्तर मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसायची, बाबांच्या बरोबर पाठीमागे. बाबा चावी फिरवायचे आणि डॅशबोर्डवरचं पिवळं फडकं उचलायचे. आधी स्वतःच्या समोरची काच, मग हात लांबवून डावीकडची, आरसा दिसण्यापुरती. चौक येईपर्यंत दोन्ही काचा पुन्हा आंधळ्या व्हायच्या. मग एक हात स्टिअरिंगवर आणि एक फडक्यावर अशी शाळेपर्यंतची वाट. पुढ्यातच एसीचं बटण होतं. त्याच्या शेजारी पुढच्या काचेवर हवा सोडायचं बटण होतं. दोन्ही बटणांवर धूळ बसली होती.

ती बटणं काय करतात हे खारूला चांगलं ठाऊक होतं. इतर मुलींचे वडील त्यांना लहानपणी राजाराणीच्या गोष्टी सांगत, खारूच्या बाबांनी तिला कूलिंग कॉइलची सांगितली होती.

"एसी गारव्यासाठी असतो हा लोकांचा गैरसमज," ते म्हणायचे. "एसी हवा पिळून काढतो. ओलं फडकं पिळतो ना आपण, तशी. गार कॉइलवरून हवा गेली की तिच्यातलं पाणी कॉइलवर सुटतं. कॉइलला घाम फुटला म्हण. ते पाणी नळीतून खाली रस्त्यावर आणि कोरडी हवा वर काचेवर. काच साफ. मग हवी तर तीच हवा हीटरने ऊन कर. थंडीत एसी लावला म्हणून कोणी आजारी पडत नाही, रस्ता मात्र दिसतो."

गाडीखाली पाणी गळतंय म्हणून घाबरलेलं गिऱ्हाईक आलं की बाबा वाकून त्या थेंबाला बोट लावायचे आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "गळती नाही साहेब. तुमचाच श्वास आहे. गाडीने गाळून टाकलाय." शेजारच्या गाळ्यातला पेंटर पोट धरून हसायचा. "ऐका, ऐका थंडोबाचं!" बाबांना थंडोबा हे नाव त्यानेच ठेवलेलं. धंदा गारव्याचा, आणि स्वभाव असा की अंगावर घण पडला तरी म्हणतील, सावकाश ठेवा.

हे सगळं आई होती तेव्हाचं.

आई याच गाडीत गेली. तिला फुप्फुसांचं दुखणं होतं. त्या सकाळी बाबा तिला दवाखान्यात नेत होते, ती पुढच्या डाव्या सीटवर होती. "गार लागतंय, तो एसी बंद करा," ती म्हणाली. बाबांनी केला. बाहेरची हवा आत यायची झडपही लावून घेतली. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा सगळ्या काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या, आणि त्या वाफेत श्वास घेणारे बाबा एकटेच उरले होते.

त्यानंतर तो एसी लागला नाही. झडप उघडली नाही. खारूला याचं काही वाटत नसे. मावशीने आईची साडी उशीखाली ठेवली होती, बाबांनी बटण बंद ठेवलं होतं. ज्याची त्याची रीत.

पण थंडीतल्या एका सकाळी बाबांच्या बुटाची नाडी तुटली. ते दुसरी शोधत घरात थांबले आणि खारू एकटीच गाडीपाशी गेली. गाडी रात्रभर बंद होती. पुढची काच स्वच्छ होती, मागचीही. फक्त पुढच्या डाव्या दाराची काच वाफेने भरलेली होती.

वाफ आतून होती.

२

खारू कमी बोलायची, त्यामुळे तिला बघायला वेळ पुष्कळ मिळायचा. तिने आधी बाबांच्या मुलीसारखा विचार केला. पायाखालची चटई ओली असेल तर काच वाफ धरते. दाराचं रबर फाटलं असेल, तर ओल आत येते. नळी तुंबली असेल, तर पाणी आतच राहतं. तिने चटईखाली तळहात दाबून पाहिला. कोरडीठाक. रबरावरून बोट फिरवलं. ते नवंकोरं होतं, बाबांनीच बदललेलं. आणि नळी तुंबायला आधी एसी चालू असायला हवा.

शनिवारी शाळा लवकर सुटली, ती परस्पर गॅरेजवर गेली. गाडी बाहेर गल्लीत उभी होती. टपावर स्वच्छ ऊन. पत्रा इतका तापलेला की वर झोपलेलं मांजर उठून सावलीत गेलं होतं. अशा उन्हात काचेवर वाफ टिकत नाही, हे शाळेतल्या मास्तरांनाही ठाऊक असतं.

डाव्या काचेवर ताटलीएवढा डाग होता. सीटवर कोणी बसलं आणि बाहेर बघायला मान वळवली, तर तोंड जिथे येईल तिथे.

खारूने डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना हात धरले आणि काचेला नाक टेकवलं. डाग मोठा झाला. थांबला. मग कडेकडेने आटत लहान झाला. पुन्हा मोठा झाला.

ऊन कमीजास्त होत असेल, तिने स्वतःला सांगितलं. वर पाहिलं. आभाळात औषधालाही ढग नव्हता.

ती पुन्हा बघू लागली, आणि बघता बघता तिच्या ओठांनी तो ताल धरला. घेतला, घेतला, अडला, सुटला. घेतला, घेतला, अडला, सुटला. ती वर्षभर भिंतीपलीकडून हा ताल ऐकत झोपली होती. लोकांच्या घरात घड्याळ असतं, तसा त्यांच्या घरात तो होता. मधला तो 'अडला' आला की खारू अंथरुणात स्वतःचाही श्वास धरायची आणि पलीकडचा सुटला की सोडायची.

"काय गं खारे, नट्टापट्टा चाललाय का?" पेंटर मागून म्हणाला. "आरसा तिकडे आहे, ती काच आहे."

"काका, आत कोणी आहे?"

"कोण असणार? कुलूप आहे. आणि आम्हाला तर त्या गाडीला हात लावायची बंदी." पेंटरने अंगठ्याच्या नखातला रंग खरवडला. "परवा चटई झटकून देतो म्हणून दाराला हात घातला, तर तुझा बाप असा अंगावर आला! थंडोबा! मला वाटलं आता पाना फेकून मारतो. काय म्हणाला ठाऊक आहे? 'दार उघडू नका, जाईल ती.' मी म्हटलं, कोण? मांजर?" त्याला हसू येणार होतं, पण अर्ध्यावरच थांबलं. त्याने खारूकडे नीट पाहिलं. "जेवतो का गं तो नीट?"

खारूने मान हलवली. हो की नाही, ते तिलाच कळलं नाही.

३

रविवारी मावशी आली. मावशी आईची धाकटी बहीण. नाक आईचं, हसू आईचं, जीभ मात्र स्वतःची.

बाबा ओट्याशी कांदा चिरत होते. मावशी स्वयंपाकघराच्या दारातच थबकली.

"भावोजी, कांदा चिरताय की काकडी?"

"कांदाच आहे. का?"

"माझ्या डोळ्यांना इथे उभ्याने धार लागली, तुमच्या डोळ्यांत टिपूस नाही."

"सवय झाली आता."

"कांदाही घाबरायला लागला वाटतं तुम्हाला!"

बाबा हसले, आणि त्यांचा खालचा ओठ मधोमध चिरला. खारूला ती चीर स्पष्ट दिसली. उघडली, आत लाल होती, आणि तिच्यातून रक्त आलं नाही. जुना कागद घडीवर फाटावा तशी. बाबांनी ओठांवरून जीभ फिरवली. जीभ ओठाला चिकटल्याचा बारीक आवाज आला. मग त्यांनी तांब्या उचलला आणि उभ्या उभ्या सगळा घशात ओतला. खाली ठेवला, पुन्हा भरला, पुन्हा ओतला.

मावशीचं हसणं बंद झालं.

एकदा नजर गेली की सगळंच दिसू लागतं, तसं खारूचं झालं. वर्तमानपत्राचं पान उलटायला बाबा बोट जिभेला लावायचे. हल्ली ते बोट लावत, पण पान काही उलटत नसे. दिवसभर तापलेल्या गाड्यांखाली काम करूनही त्यांच्या सदऱ्याला घामाचा डाग नसे. धुताना खारूला वाटायचं, आपण न घातलेलेच कपडे धुतोय. आणि बाह्या. पूर्वी कोपरापर्यंत दुमडलेल्या असायच्या. आता डाव्या बाहीचं बटण घरातसुद्धा लावलेलं असे.

"आणि ती गाडी," मावशी जेवताना म्हणाली. "मघाशी मला आणलंत ना, मी जीव मुठीत धरून बसले होते. रस्ता दिसत होता तुम्हाला, का अंदाजपंचे? जगाच्या काचा साफ करता आणि स्वतः कोरडे पाषाण! दारं सताड उघडी टाका एक दिवस उन्हात."

"नाही," बाबा म्हणाले.

"बरं, निदान पुढची सीट तरी दुरुस्त करा. मोडलीय म्हणून मागे दाटीवाटीने बसायचं."

सीट मोडलेली नव्हती. खारूने बाबांकडे पाहिलं. बाबा पाणी पीत होते.

जाताना मावशीने खारूला जिन्यात गाठलं आणि तिचे दोन्ही गाल हातात धरले. "ताईचा चेहरा शेवटी कसा झाला होता आठवतं? कातडी नुसती हाडांवर वाळत घातल्यासारखी. तसा दिसतोय गं तुझा बाप. तुला कळतंय ना?" खारूने मान डोलावली. "लक्ष ठेव."

मावशी खालच्या वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे खारूच्या तोंडून शब्द फुटले. "पण मी काय करू?" जिन्यात ते ऐकायला कोणी नव्हतं.

४

त्याच दुपारी बाबांचा डोळा लागला. खारूने खिळ्यावरची चावी काढली, खाली गेली आणि गाडीचं पुढचं डावं दार उघडून आत बसली. दार पटकन ओढून घेतलं. आतलं काही निसटू नये म्हणून आपणही घाईच केली, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

आत ऊब होती. उन्हात ठेवलेल्या गाडीची असते तशी कोरडी, प्लॅस्टिकच्या वासाची नव्हे. अंघोळ करून कोणीतरी नुकतंच बाहेर आल्यावर मोरीत असते तशी ओलसर. सीटची पाठ तिच्या पाठीला मऊ लागली. शेजारच्या काचेवरचा डाग मोठा झाला, अडला, आटला.

खारूने डोळे मिटले. गालावर ओलसर हवा आली. गेली. आली. ताप असला की आई उशाशी बसायची आणि तिचा श्वास असाच गालाला लागायचा. खारूच्या छातीतलं काहीतरी सुटं झालं. ती रडायला लागली. किती दिवसांनी कोणी इतकं जवळ आलं होतं! तिने मान किंचित डावीकडे कलवली, खांदा असता तर डोकं टेकलं असतं एवढी.

रडताना गालावर पाणी ओघळतं. तिच्या गालावर काही ओघळलं नाही.

तिने हात लावून पाहिला. गाल कोरडा. डोळ्यांच्या कडा कोरड्या, चुरचुरणाऱ्या. तोंडात जीभ टाळूला चिकटलेली. काचेवरचा डाग मात्र आता ताटलीएवढा नव्हता. त्याने अर्धी काच व्यापली होती आणि तो भराभर चालला होता. घेतला घेतला अडला सुटला. घेतला घेतला अडला.

खारूला शेवटचा महिना आठवला. आई हात धरायची, ते आधी प्रेमाने असायचं. मग धाप लागायची आणि बोटं आवळली जायची. "आई, दुखतंय," असं म्हटलं तरी कळायचं नाही तिला. नखं रुतायची. बुडणारं माणूस हाताला काय लागलं ते बघत नाही, फक्त धरतं. धाप ओसरल्यावर आईच ते वण पाहून रडायची. "हे मी केलं? माझ्या बाळाला?"

ही धाप ओसरत नव्हती. ओसरणारी नव्हतीच ती. दवाखाना यायच्या आधीचा तो क्षण दारं लावून आत ठेवला होता, आणि तो अजून चालूच होता.

"आई?" खारू म्हणाली.

श्वास अडला. सुटला. त्याला ओळख नव्हती.

५

उजवं दार उघडून बंद झालं. बाबा शेजारी येऊन बसले होते. खारूला वाटलं, आता ओरडा बसणार. बाबांचा चेहरा तर उजळला होता.

"तुलाही ऐकू येतं," ते म्हणाले. आवाज खरखरीत, वाळूवरून काही ओढल्यासारखा. "मला वाटायचं, मलाच. मला वाटायचं, थंडोबाचं डोकं फिरलं."

"बाबा, चला ना घरात."

"आधी मागे हो, खारू. ती जागा मोकळी नाही."

खारू दोन सीटांमधून मागे गेली. दार उघडायचं तिलाही सुचलं नाही. बाबांनी डावा हात सहज ठेवावा तसा गिअरवर ठेवला आणि डावीकडच्या काचेकडे पाहत राहिले.

"त्या दिवशीची हवा आहे ही," ते म्हणाले. "दार उघडलं की थोडी जाते. म्हणून मी पटकन लावतो. पहिल्या आठवड्यात तर अगदी विरत चालली होती. मग मी रोज येऊन बसायला लागलो. बसलं की पुन्हा भरते. मी विचार केला, ठीक आहे, आपल्या अंगातलं थोडं पाणी. पिता येतं की पाणी. पाण्याला काय कमी आहे जगात?"

"तुम्ही वाळताय, बाबा."

"वाळेन की."

"एसी लावा. एकदाच. झडप उघडा."

"आणि तिला पिळून रस्त्यावर टाकू?" ते आवाज न चढवता म्हणाले, म्हणूनच खारूला तो जास्त लागला. "मी? ज्याने तिला सांगितलं की आलंच, अजून थोडं, आलंच?"

काचेवर डाग फुलला आणि अडला. दोघंही थांबले. खारूला दिसलं, बाबांची छातीही थांबली होती. डाग आटला, तेव्हा बाबांनी श्वास सोडला.

"पण ती बरी आहे का तिथे?" खारूने विचारलं. "बाबा, तो श्वास ऐका ना. तिला बरं वाटतंय का?"

बाबांनी डाव्या बाहीचं बटण चाचपलं.

"आहे," ते म्हणाले. "एवढं पुरे नाही का गं?"

६

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर दाट धुकं होतं. समोरच्या इमारतीचा फक्त खालचा मजला शिल्लक होता. "आज चालत जाते मी," खारू म्हणाली. "वेडी का? अशा धुक्यात चालत?" बाबा म्हणाले, आणि एका क्षणासाठी ते पूर्वीचे बाबा होते. म्हणून ती बसली.

काचा सुरुवातीपासूनच पांढऱ्या होत्या. बाबांनी फडकं उचललं. पुसलेली पट्टी त्यांचा हात खाली येईपर्यंत भरून गेली. पुन्हा पुसली. मग त्यांच्या हातून फडकं पायाशी पडलं आणि ते उचलायला वाकलेच नाहीत. गाडी चालत राहिली.

खारूने मागून ऐकलं. गाडीत दोन श्वास होते आणि ताल एक होता. घेतला, घेतला, अडला, सुटला. बाबांचे खांदे त्या तालावर वरखाली होत होते. मधला 'अडला' रोजच्यापेक्षा लांबत चालला होता, आणि तो आला की बाबांची मान पुढे झुकायची.

"बाबा!"

उजवीकडून भोंगा वाजला. एक मोठं, काळं काहीतरी काचेच्या बाहेरून इतकं जवळून गेलं की गाडी हलली. बाबांनी ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या कडेला तिरपी थांबली. इंजिन चालूच होतं. बाबांचं डोकं छातीवर आलं होतं.

घेतला, घेतला, अडला.

खारू दोन सीटांमधून पुढे वाकली. तिने झडपेचा खटका बाहेरच्या हवेकडे ढकलला, पंखा पूर्ण वर नेला आणि पुढच्या काचेचं बटण दाबलं, मग एसीचं. इंजिनाच्या पोटात कंप्रेसर लागल्याचं टक् झालं. महिनोन्‌महिन्यांची धूळ जाळ्यांतून उडाली, आणि मागोमाग गार, कोरडी हवा आली.

"बंद कर," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे उघडले होते. "खारू, बंद कर. गार लागतं तिला."

"नाही."

"गार लागतं गं तिला!"

त्यांनी डावा हात उचलायला जोर लावला. हात गिअरवरून हलला नाही. जोराने बाहीचं बटण तुटलं, बाही वर सरकली, आणि खारूला त्यांचं मनगट दिसलं. कातडी आत दबलेली होती. खालून चार खळगे, वरून एक. आणि ते खळगे जुन्या वणांसारखे निपचित नव्हते. तिच्या डोळ्यांसमोर ते अजून खोल गेले.

पुढची काच खालून साफ होऊ लागली. आधी बोनेट दिसलं, मग रस्त्याची कड, मग धुक्यातलं एक झाड. उजवी काच साफ झाली. डावी होईना. तिच्यावरचा डाग कडांनी आटत होता आणि मध्ये पुन्हा पुन्हा भरत होता. ताल मोडला होता. घेतला, घेतला, घेतला, घेतला. धाप. खारूला ती धाप हातापायांत ऐकू येत होती. तिला वाटलं, बटण सोडावं. सोडून द्यावं. आई आहे ती. तिचं बोट अजून बटणावर होतं, आणि ते तिथे ठेवायची खरं म्हणजे गरजही नव्हती. बटण एकदाच दाबायचं असतं. तरी तिने ते उचललं नाही.

"आई," ती म्हणाली, "बाबांना दुखतंय."

डाग बशीएवढा झाला होता. तो अडला.

बाबांच्या मनगटावरचा एक खळगा भरून आला, करंगळीच्या जागेचा. मग त्याच्या शेजारचा. घाईने नव्हे. झोपलेल्या मुलाच्या हातातून आपलं बोट सोडवावं, तसं एकेक. शेवटी वरचा, अंगठ्याचा राहिला. तो राहिला, राहिला, आणि मग त्या जागी नुसती कातडी होती.

काचेवर आता नाण्याएवढा ठिपका होता. घेतलेला, अडलेला. खारूनेही श्वास धरला आणि सुटायची वाट पाहू लागली. गाल दुखेपर्यंत धरला. तिला पुढे धरवेना.

तिचा श्वास सुटला, तेव्हा काच साफ होती.

७

गाडीखाली पाणी पडत होतं. थेंब थेंब नव्हे, तांब्या कलता केल्यासारखी धार. मग धार बारीक झाली आणि थांबली. शाळेला निघालेल्या दोन मुली गाडीला वळसा घालून गेल्या. त्यांच्यापैकी एकीने पायाखालचं पाणी पाहून बूट वाचवायला उडी मारली.

बाबा डावीकडे पाहत नव्हते. ते समोर, त्या लख्ख काचेतून पाहत होते.

"गेली?" त्यांनी विचारलं.

आई गेली तेव्हा खारू वर्गात फळ्यावरचं उतरवून घेत होती. नदीचं चित्र होतं, उगमापासून समुद्रापर्यंत. ती मन लावून उपनद्या काढत होती. तिला दारात बोलावून सांगण्यात आलं, आणि तोवर सगळं होऊन गेलेलं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, आपण तिथे असतो तर. आपण असतो तर काय केलं असतं, ते तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"हो बाबा," ती म्हणाली. "आत्ता गेली."

बाबांचं तोंड उघडलं. आधी नुसताच आवाज आला, कोरडा, लाकूड चिरल्यासारखा. मग त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी चमकलं, जमलं आणि गालावरून खाली आलं. चिरलेल्या ओठापाशी पोचलं. ओठातून रक्त आलं. त्यांनी काही पुसलं नाही. ते लहान मुलासारखे रडत होते, कोणासमोर रडतोय याचं भान न ठेवता.

"तू काय केलंस हे," ते म्हणाले. "खारू, काय केलंस तू हे."

खारूला त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. तिने तो उचललाही. बटण दाबलेला तोच हात होता, बोट गार हवेने अजून बधिर होतं. त्या हाताला बाबांच्या खांद्यावर जागा आहे की नाही हे तिला कळेना, म्हणून तिने तो तसाच, दोन सीटांच्या मधे, हवेत धरून ठेवला.